गोठ्यातली वेगळी चूल

जळकोटच्या नीलम्माचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. पिठाच्या डब्यात ती बोटांनी रेघा ओढून ठेवायची, म्हणजे कुणी हात घातला तर कळावं. नवऱ्यामागं तिनं एकटीनं घर ओढलं होतं, आणि निजामाच्या लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या वसुलीत, धान्य जायला लागल्यापासून तर तिला घरचीच माणसं चोर वाटायची.

त्या उन्हाळ्यात सून शिवम्माच्या मानेवर, हातांवर काळे चट्टे उठले. कातडी भाजल्यासारखी सोलायला लागली, पोट बिघडलं, ती बसल्या जागी रडायची. हा महारोगच, व्याह्यांनी लपवून पोरगी आपल्या गळ्यात मारली, असं नीलम्मानं ठरवूनच टाकलं. सुनेची चूल तिनं गोठ्यात मांडली. तिघा मुलांतला थोरला, शिवम्माचा नवरा बंडप्पा, खाली मान घालून बायकोचं अंथरूण गोठ्यात ठेवून आला.

शिवम्माचे वडील महांतप्पा निरोप मिळताच आले. भांडले नाहीत.

"ठेवा वेगळी. पर तिचा वाटा कच्चा द्या. ज्वारी, तुरीची डाळ, शेंगा, ताक. चार माणसांदेखत द्या. दिवाळीपतूर गुण न्हाय आला तर म्या तिला घिऊन जातो. मग परत धाडणार न्हाय."

गावात नाव खराब नको म्हणून नीलम्मा रोज उंबऱ्यावरून वाटा घालायची. गोठ्यात गेलेलं काही घरात परत येत नव्हतं. उरलं तरी ते शिवम्माचंच.

पावसाळा सरता सरता शिवम्माची मान उजळली. नीलम्माला आनंद व्हायचा सोडून संशय आला. बाप चोरून औषध पोचवतो की काय? एका दुपारी तिनं गोठ्याच्या कुडाला डोळा लावला. शिवम्मानं भाकरी कुस्करली, वर घट्ट डाळ ओतली, शेंगांची चटणी घेतली आणि निवांत जेवली. वर ताक प्याली. एवढंच.

परतताना उन्हात नीलम्माची स्वतःचीच मान चुरचुरली. तिनं हात पाहिले. मनगटावर काळा चट्टा होता. पण शिवाशिव तर तिनं कडक पाळली होती, मग रोग आला कुठून?

सून गोठ्यात गेल्यापासून सगळ्यांत शेवटी नीलम्माच जेवत होती. तिन्ही मुलं डाळीचं भांडं रिकामं करून उठायची, तिच्यापुढं उरायची भाकरी आणि ठेचा. आधी ती शेवटची जागा शिवम्माची होती. ज्वारीच्या प्रथिनांत काही अमिनो आम्लं तोकडी पडतात आणि डाळ ती भरून काढते; नुसत्या ज्वारीवर राहिलं तर कातडीवर असेच चट्टे उठतात, हे आजचे डॉक्टर सांगतात. नीलम्माला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण आपल्या घरातली पंगत तिला पुरती ठाऊक होती, आणि डाळीची पळी कायम तिच्याच हातात होती. तिला स्वतःची लाज वाटली.

ती तशीच गोठ्यात शिरली. शिवम्मा घाबरून मागं सरली.

"लांब ऱ्हावा आत्याबाई, रोग लागंल."

"लागलाय मला बी," नीलम्मानं मनगट पुढं केलं. "चूल इझव. घरात चल."

संध्याकाळी बंडप्पानं जेवता जेवता थाळी पुढं केली. "आये, आणखी डाळ वाढ."

नीलम्मानं भांड्यावर झाकण ठेवलं.

"ऱ्हाऊ दे. आमी दोघी अजून जेवायच्या हाव."