हळदुला की जर्दाळू

नांदेडला आमचं घर बांधून झालं आणि त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला कावीळ झाली. ती साधी कावीळ नाही, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, हे लवकरच कळलं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. रंगकाम राहिलं होतं. मी म्हटलं, राहू द्या आता. पण ते ऐकेनात.

"या पांढऱ्या भिंतींत मला दवाखान्यातच पडल्यासारखं वाटून राहिलंय," ते म्हणाले. "रंग लाव."

रंगाऱ्यानं पुढच्या खोलीत दोन पट्टे ओढून दाखवले. एक हळदुला, म्हणजे हळदीच्या दुधासारखा पिवळा, दुसरा पिकल्या जर्दाळूसारखा केशरट. हे खुर्ची ओढून तिथंच बसले. जर्दाळूच्या बाजूला त्यांच्या गालांवर जरा लाली आल्यासारखी वाटली. पिवळ्याकडे सरकले की डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

"जर्दाळूच घेऊ," मी म्हणाले.

"का? मी बरा दिसतो म्हणून?"

मी रंगाऱ्याकडे वळले. ते म्हणाले, "पिवळाच दे. आई येणार हाय. या खोलीत सगळेच पिवळे दिसतील. तिला कळायचं न्हाई."

सासूबाई नायगावजवळच्या खेड्यात राहायच्या. कावीळ आहे, उतरेल, इतकंच त्यांना फोनवर सांगितलं होतं.

मी पिवळा लावून घेतला. वास ओसरेपर्यंत आम्ही शेजारी राहिलो आणि मग ते त्या खोलीत झोपायला लागले. दुपारचं ऊन आत आलं की माझे हातसुद्धा पिवळे दिसत. त्यांना बरं वाटायचं.

सासूबाई आल्या. यांच्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "चल बाळा, भाईर वाऱ्याला बसू." त्यांना धरून ओट्यावर नेलं, उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"उतरून राहिली माय," हे म्हणाले.

"हाव. उतरली की."

त्यांना आत झोपवून सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "डॉक्टर काय म्हणला?" मला खोटं बोलवलं नाही. सगळं ऐकून त्या होत्या तिथंच फरशीवर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कळलंय म्हून त्याला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. त्या रोज सकाळी यांच्याकडे बघून "आज लई उतरली रे" म्हणायच्या, आणि हे माझ्याकडे बघून हळूच हसायचे. त्यांना वाटायचं, आपण दोघांनी मिळून आईला जपलंय.

पावसाळा संपता संपता ते गेले. तेरावा झाल्यावर सासूबाईंनी पिशवी भरली. मी म्हटलं, राहा ना माझ्यासोबत.

"न्हाई माय," त्या म्हणाल्या, "हितं बसवत न्हाई मला."

मी त्यांना नायगावच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी आले.