नाचणगावच्या ओट्यावर निरंक

अवं पोरींनो, जवळ बसा. भुताचं नाव निघालं का आधी माह्यापाशी येता, एरवी या म्हातारीची आठवण नाई येत तुमाले! पण मीही असल्या गोष्टी मानणारी नव्हती... आजही मानत नाई. झालं ते सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नालवाडीत एका संस्थेत मी कॉम्प्युटरवर होती — चुकत चुकत आपली आपणच शिकलेली. गावोगावचं पावसाचं माप फ्लॉपीवर येई, त्या फाईली मी डेटाबेसच्या टेबलमध्ये चढवायची. पावसाच्या रकान्यात फक्त आकडा चाले. अक्षर आलं का मशीन ती ओळ बाहेर फेके.

नाचणगावचं माप आमचे हे घेत. घरामागच्या ओट्यावर पर्जन्यमापक होतं, रोज सकाळी साडेआठले जाऊन पाहत. पाऊस नसला तं शून्याऐवजी 'निरंक' लिहीत, अन् टाइप करणाराही तसंच उतरवे. दर महिन्याले यायच्याच ओळी बाहेर!

"अहो, शून्य लिहा ना," मी म्हणो.

"शून्य तं घरी बसूनही लिहिता येते, अवं. निरंक म्हंजे मी गेलतो, पाहालं, काहीच नव्हतं. तुया डबड्याले मराठी शिकव!"

मंग मीच एकेक निरंक पुसून शून्य करो.

एका उन्हाळ्यात हे गेले. संस्थेनं पर्जन्यमापक उचलून नेलं, नुसता ओटा राह्यला. पावसाळा लागला, फाईली चढवल्या... अन् नाचणगावच्या ओळी बाहेर फेकलेल्या. तारखा त्याच महिन्याच्या. धो धो पडला त्या दिवशीही — निरंक.

"काकू, जुनी फाईल चढवली असन तुमी," सोबत काम करणारे वानखडे भाऊ म्हणाले. त्याईनं फ्लॉपी उघडली. नाचणगावचं नावच नाई तिच्यात. टेबल रिकामं करून स्वतः चढवलं. परत त्याच ओळी. भाऊनं मले चहा आणून देला.

मले भीती नाई वाटली वो. वाटलं, हे येऊन राह्यले ओट्यापाशी... मंग मले भेटतीनच ना? श्रावणातल्या एका सोमवारी सुट्टी टाकली. त्याईले आवडे तसा आल्याचा चहा केला अन् साडेआठच्या आधीच ओट्यावर जाऊन बसली. "अहो, मी आहो इथं," मोठ्यानं म्हटलं. शेजारीण कुंपणावरून पाहत राह्यली. चहावर साय धरली. कोणी आलं नाई.

महिना संपला, फाईली चढवल्या. देवाले म्हटलं, त्या सोमवारची ओळ तेवढी वेगळी असू दे. काहीही... एखादा आकडा.

निरंक.

म्हंजे गेलते, पाहालं, काहीच नव्हतं. अन् मी तिथंच बसली होती!

पुढं ते काम नागपूरले गेलं, टेबलही गेलं. हे कसं झालं, ते ना भाऊले सांगता आलं, ना मले. ओटा आहे अजून. सकाळी चहा घेऊन बसते, पण एकटीले बसवत नाई आता. एक दिवस या ना नाचणगावले, लवकर. साडेआठच्या आत येजा... निदान कोणी तरी म्हणन, का ओट्यावर म्हातारी बसली होती.