ताटातल्या तांदळावरचं नाव

माझी फाईल पूर्ण होती, हे आधीच सांगते. खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. तिथला वॉशरसुद्धा यादीबाहेर राहत नाही. मुलीला सांगलीच्या कॉलेजात सवलतीची जागा लागली, तेव्हा कॉलेजच्या छापील यादीतले चौदाच्या चौदा कागद मी क्रमाने लावले. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. तपासणीला आम्हाला एकच दिवस होता. साडेपाचपर्यंत कागद मंजूर झाले नाहीत तर जागा पुढच्या मुलीला.

खिडकीतल्या क्लार्कने दोन कागद शेजारी ठेवले.

"मार्कशीटवर आईचं नाव एक, उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसरंच. आई नक्की कोण?"

"मीच."

"ते मला दिसतंय हो मॅडम. कागदावर दिसत नाही."

लग्नात माझं नाव बदललं. मला कुणी विचारलं नव्हतं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. नोकरी आधीपासूनची, म्हणून पगार, आधार, पॅन जुन्याच नावावर राहिलं. मुलीला शाळेत घालायला तिचे वडील गेले आणि आईचं नाव म्हणून तांदळावरचं सांगून आले. ती तिसरीत असताना ते वारले. तेव्हापासून घरात कमावणारी मी, पालक म्हणून सही करणारी मी. आणि आता आई कोण, हा प्रश्न!

"नाव बदलल्याचा पुरावा आहे? लग्नपत्रिका?"

"पत्रिकेत जुनंच असतं. नवं मांडवात ठेवलं."

"मग लिहिलंय कुठं?"

"तांदळात."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "आई, तेवढी झेरॉक्स राहिली बघ तुझी." तिचा आवाज मात्र रडवेला होता.

कोर्टाजवळून प्रतिज्ञापत्र आणा, असं क्लार्कने सांगितलं. तीन वाजून गेले होते. रिक्षात मी मजकूर जुळवत होते, एक शब्दही चुकायला नको म्हणून. टायपिंगवाल्याने मला मध्येच थांबवलं.

"ताई, नुसती दोन नावं सांगा. मजकूर तयार हाय."

"तयार?"

"कम्प्युटरमधीच असतोय. ॲडमिशनच्या दिसांत रोज धा-बारा जणी येत्यात."

त्याने रिकाम्या जागी माझी दोन नावं घातली आणि कागद बाहेर आला: ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. खरा संताप मला तिथे आला. रोज दहा-बारा बायका इथे येऊन शपथेवर सांगतात की मी मीच आहे. टायपिंगवाल्याला ठाऊक, नोटरीला ठाऊक, क्लार्कला ठाऊक. फक्त यादीला ठाऊक नाही! आणि हे ज्यामुळे झालं त्या ताटात नवरदेवाचं नाव कुणी बदलत नाही. त्याचे कागद जन्मभर जुळतात.

"सही कुठल्या नावाची करू?" मी विचारलं.

"दोन्ही करा. मागनं कटकट नको."

दोन्ही केल्या. नोटरीचा शिक्का घेऊन सव्वापाचला खिडकीवर परतलो. क्लार्कने प्रतिज्ञापत्र न वाचताच फाईलला लावलं आणि मंजुरीचा शिक्का मारला. मुलीने दोन्ही हातांनी माझा दंड धरला.

"हे तुमच्या यादीत का नाही?" मी क्लार्कला विचारलं.

"यादी वरून येते मॅडम."

ती वरून आलेली यादी बाहेर भिंतीवर चिकटवलेली होती. मी पेन काढलं आणि चौदाव्या ओळीखाली ठळक अक्षरांत लिहिलं: "१५. आईची दोन नावं असतील तर ती एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र. घरूनच करून आणा." मुलगी पुटपुटली, "आई, ओरडतील ते." मी म्हटलं, "ओरडू देत."

म्हसवडहून मुलीला घेऊन आलेली एक बाई ते वाचत उभी राहिली. त्यांचा नंबर दुसऱ्या दिवशीचा होता.

"आवं ताई," ती हळूच म्हणाली, "माझीबी दोन हायती. हे कुठं करून मिळतंय?"

मी तिला टायपिंगवाल्याची जागा सांगितली.

"सकाळी दहालाच जा," मी म्हणाले. "मजकूर तयार असतो."