ज्योतीच्या गाडीला फडकं लावायचं नाही

माझ्या थोरल्या भावावर अन्याय झाला. घटस्थापनेच्या सकाळी, आरती संपून खडीसाखर वाटली जात असताना, डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या पटांगणात. अन्याय करणारे सगळे ओळखीचे होते, अनवाणी होते, कपाळाला कुंकू लावलेले होते. अपघात दुसऱ्या दिवशी झाला. पण मी वेळ आदल्या सकाळचीच लिहिणार. कुणाला झोंबायचं असेल तर झोंबू दे.

आमचं मंडळ नवरात्राला घाटावरच्या देवीची ज्योत आणतं. पोरं पाळीपाळीने मशाल घेऊन धावतात आणि मागेपुढे मोटारसायकली चालतात. दमलेल्याला मागे बसवायचं, पुढच्याला उतरवायचं, पाणी, औषधं, मशालीच्या तेलाचा कॅन, सगळा संसार गाड्यांवर. यंदा दादाची गाडी मागितली, कारण तिला मागे सामान बांधायची लोखंडी जाळी आहे. दादाला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही. त्याने गाडी तेवढी दिली.

देण्याआधी त्याने नेहमीचं सगळं केलं. पटांगणात उकिडवा बसला. टायरच्या खाचांत नख घालून बघितलं, चेन बोटाने वरखाली करून बघितली, इंडिकेटर लावून बघितले. मग मागचा ब्रेक दाबून धरला आणि मला म्हणाला, "ढकल गो. जोरात ढकल, जेवली नाहीस काय?" मी जीव खाऊन ढकलली. गाडी जागची हलली नाही.

वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "आरटीओ साहेब, आमची सायकल पण पास करा!"

"तुझी भंगारात पास झाली रे कधीच," दादा वर न बघता म्हणाला.

लांबून आल्यावरही तो हेच करायचा. उलट जास्त वेळ घालवून. मी एकदा विचारलं होतं, दमून आल्यावर कशाला? आधी आंघोळ कर, चहा घे. तर म्हणाला, "जाताना मला माहीत असतं काय धड आहे ते. येताना नसतं. मग कधी बघू, सांग?"

घटस्थापनेला ज्योत आली तेव्हा मी वडाळ्याला आमच्या संघटनेच्या सभेत होते. पटांगणात जे झालं ते मला नंतर आईने सांगितलं, शेजारणीने सांगितलं आणि गाडी चालवणाऱ्या पोरानेही सांगितलं. तिघांच्या सांगण्यात फरक नाही. गाडी हळदीकुंकवाने आणि गुलालाने माखलेली होती, हँडलला झेंडूचा हार. दादा फडकं आणि बादली घेऊन तिच्याकडे गेला.

"अरे, अरे! फडकं कुठे लावतोस?" हे आमच्या मंडळाचे जुने सल्लागार. सगळी चाळ त्यांना काका म्हणते. "ज्योतीची गाडी ती. दसऱ्यापर्यंत पुसायची नाही. शस्त्रपूजेला पहिला मान तिचा."

"पुसत नाही काका, नुसतं बघतो. मागच्या चाकाला काहीतरी चिकट दिसतंय."

"कुंकू असेल. देवीने आणली ना इथपर्यंत सुखरूप? तुझा भरवसा देवीवर आहे की फडक्यावर?"

लोक हसले. गाडी चालवणारा पोरगा म्हणाला, "मख्खन चालली दादा, टेन्शन नको घेऊस."

आणि गॅलरीतून आई म्हणाली, "बाबू, गाडयेक हात लावू नको रे. देवीच्या कामाक जावन इली हा ती."

दादाने बादली मोरीत ओतली. तो भांडत नाही. आमच्या घरात भांडायचं खातं माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच गाडीवरून ऑफिसला निघाला. पुलापर्यंत रस्ता मोकळा होता, जोरात ब्रेक लावायची वेळच आली नाही. पुलाच्या उतारावर पुढची बस थांबली. दादाने पायाचा ब्रेक दाबला. ब्रेक दाबला गेला, पण चाक धरेना, गाडी धावतच राहिली. मग घाबरून पुढचा एकदम आवळला. पुढचं चाक सरकलं, गाडी उजव्या अंगावर पडली, उजवा पाय तिच्याखाली, आणि मागून येणाऱ्या टॅक्सीला थांबायला जागा नव्हती.

मंडळाचीच पोरं धावली. त्यांनीच उचलून हॉस्पिटलात नेलं, रक्त दिलं, बाकड्यावर बसून राहिली. हे मी लिहिणारच, कारण ते खरं आहे. पण त्याने पुढचं खोटं ठरत नाही.

गाडी पोलीस चौकीच्या आवारात ठेवली होती. मी गेले आणि दादा बसायचा तशी बसले. हार अजून हँडलला होता, सुकलेला. मागच्या चाकाच्या डिस्कवर दोन बोटं फिरवली. बोटं लाल झाली आणि तेलकट झाली. वास घेतला. गोडंतेल. वर बघितलं तर लोखंडी जाळीपासून चाकापर्यंत तेलाचा ओघळ, त्यावर धूळ, त्यावर गुलाल. ब्रेकचे पॅड तेल पिऊन बसलेले. सगळं उघड्यावर होतं. दिवसाउजेडी, दोन बोटांच्या अंतरावर.

ज्योतीला ती गाडी चालवणाऱ्या पोराला मी गाठलं. तो खोटं बोलला नाही. "हां ताई, कॅनचं झाकण वाटेत हरवलं. चिंधी कोंबली होती."

"ब्रेक लागत नव्हता ते कळलं नाही तुला?"

"लावलाच नाही गं. ज्योतीमागे गाडी पहिल्या गिअरमध्ये चालते, माणसाच्या स्पीडने. क्लच दाबला की थांबते." मग रडायला लागला. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि तेही जमलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पावलाला रक्त पोचत नाही, बघू. पावलाचा रंग बदलत चालला होता. दादा सारखं एकच विचारायचा, "बाय, बोटं हलतायत काय बघ गो. मी हलवतोय." मी चादर उचलून बघायची. हलत नव्हती. मी म्हणायची, थोडी हलली. तो पुन्हा हलवायचा, घामाघूम व्हायचा, पुन्हा विचारायचा. आईचे नवरात्राचे उपास चालू होते. ती पाणीसुद्धा घेईना. भिंतीला टेकून एवढंच म्हणायची, "मीच सांगितलंय त्याका." मी तिला म्हटलं, तुला कुणी शिकवलं ते? तुझ्या सासूला कुणी शिकवलं? ती ऐकत नव्हती. मी देवीला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नवसही बोलले. मी, जी नवस-अंगाऱ्यांविरुद्ध पत्रकं छापते.

अष्टमीला गुडघ्याखालचा पाय काढला.

नवमीला काका प्रसाद घेऊन हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आले. चेहरा उतरलेला होता, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "पोरी, देवीने जीव राखला त्याचा." मग प्रसादाची पुडी पुढे करून, "गाडी सोडवून आणतो चौकीतून. उद्या दसरा. पहिला मान तिचा आहे, तो चुकवायला नको. त्यालाही बरं वाटेल."

"काका, आणा. पण आधी पुसा. सगळ्यांच्या समोर, तुमच्या हाताने. आणि फडक्यावर काय लागतं ते मंडळाला दाखवा."

"तुझं आपलं काहीतरीच. तुम्हा मोर्चेवाल्यांना प्रत्येक ठिकाणी दोषी लागतो."

"लागतो."

ते प्रसाद बाकड्यावर ठेवून गेले. गाडी चौकीतच राहिली. दसऱ्याला पटांगणात बाकीच्या सगळ्या गाड्यांना हार पडले, नारळ फुटले. त्यातल्या किती गाड्या कुणी वाकून बघितल्या, मी विचारलं. एकाने माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं. दिवाळीनंतर पोरांची किल्ल्यावर जायची टूर ठरते आहे, त्याच गाड्यांवर.

दादा शुद्धीत आहे. नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणतो. ऑफिसला कसा जाणार, जिने कसे चढणार, हे तो विचारत नाही.

तुम्ही देव माना, नका मानू, मला त्याच्याशी घेणं नाही. तुमच्याही चाळीत, सोसायटीत, मंडळात ज्योत येते, रॅली निघते, पोरं गाड्या घेऊन गावी जातात. गाड्या परत आल्या की तुम्ही आरतीचं ताट घेऊन उभे राहता. ताट खाली ठेवा. आज संध्याकाळी मंडळाच्या खोलीत जा आणि सगळ्यांसमोर उठून सांगा: परत आलेली प्रत्येक गाडी आधी पुसायची, तपासायची, मगच पूजा. कुणी नाही म्हणालं, तर त्या मंडळाला तुमच्या गाडीची चावी देऊ नका. तुमच्या मुलाच्या गाडीचीही देऊ नका.