ओसरीवरची काचेची पेटी

बंगल्यावरच्या साहेबाकडे काचेच्या पेटीत मासे पोहतात, हे ह्यांनी घरी येऊन सांगितलं आणि मी हातातलं पीठ तसंच टाकून उठले. काचेतून म्हणे मासा अख्खा दिसतो, पोटाखालूनसुद्धा! हे सुतार. बंगल्याच्या खिडक्या बदलायचं काम ह्यांच्याकडंच होतं आणि जुन्या काचा मागच्या अंगणात पडून होत्या. आपल्याला अशी पेटी करता येईल का, मी एका दमात विचारलं.

"यील की. पर कशाला?"

कशाला ते मला पक्कं ठाऊक होतं. मामंजींचे पाय गेल्या पावसाळ्यापासून गेले होते. जन्मभर काळी नदीत मासे धरलेला माणूस ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. पेजेचे दोन घोट कसेबसे घ्यायचा. घरात कुणाशी अवाक्षर नाही. माझ्याशी तर लग्नाला दोन वर्षं झाली तरी ते बोलले नव्हते; सासऱ्यासमोरून सुनेनं पदर सावरत निघून जायचं, अशीच आमच्यात रीत. त्यांनी भिंतीकडचं तोंड एकदा तरी वळवावं, एवढं एकच मला हवं होतं. हे मी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे गवतात गुंडाळलेल्या चार काचा घेऊन आले.

मग काय विचारता! सागवानाची चौकट, तळाला सागवानाचीच फळी, चौकटीला आतून खाचा. मी पाटाशेजारी बसून दर घटकेला "झालं का?" म्हणून विचारत होते.

"तू गप ऱ्हा गं जरा, न्हाईतर काच फुटंल माझ्या हातानं," हे वैतागले. खाचांत काचा बसल्या तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या.

राहिल्या फक्त फटी. त्यांत काथ्या ठासायचा आणि वरून तेलात वितळवलेली राळ फिरवायची, असं सांगून हे कामावर गेले. राळ होती, काथ्या नव्हता. बाजारातून येईपर्यंत कोण थांबणार? मला कधी धीर धरता आला नाही, आजही येत नाही. परसाच्या वरच्या अंगाला रामेठ्याची झुडपं होती. माझं माहेर खानापूरकडचं; तिथं रामेठ्याच्या सालीचे दोर वळताना मी लहानपणापासून पाहिलेलं. त्याचा धागा तुटता तुटत नाही. मी ओल्या साली सोलल्या, दगडावर चेचल्या आणि फटीफटीत ठासून भरल्या. राळ बाहेरूनच फिरवली, आतून काच स्वच्छ दिसावी म्हणून. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

पेटी ओसरीवर ठेवली, पाणी भरलं. थेंबभर गळलं आणि मग थांबलं! सकाळी आम्ही दोघांनी नदीवर जुन्या लुगड्यानं सात मासे धरले, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि त्यांत एक मिशाळ शिंगटी. ह्यांनी ते पेटीत सोडले तेव्हा उन्हात त्यांचे खवले असे चमकले की मी दाराआडून ओरडलेच, "मामंजी, बघा तरी!"

त्यांनी वळून पाहिलं. मला रडूच आलं. पण माझे डोळे पुसून होतात न होतात तोच एक मासा कुशीवर झाला. मग दुसरा. तोंडं वर करून ते सगळे पाण्याच्या वर येऊन हवा गिळू लागले.

मामंजी कोपरांवर सरकत पेटीशी आले. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, फटीवर घासलं, नाकाशी नेलं.

"रामेठा! मासं मारायला आमी डोहात कुटून टाकतो त्यो रामेठा! कुणी घातला ह्यात?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर सावरला आणि म्हणाले, "मी."

"डोकं हाय का खोकं? बघत काय ऱ्हायलीस? काढ ती मासं! घागरीत टाक, ताज्या पान्यात! पळ!"

मी पळाले. मासे काढले, घागरीत टाकले, विहिरीवरून आणखी पाणी आणलं, आणि एवढा वेळ मामंजींचा आवाज माझ्या मागं मागं येत होता. माझ्या माहेरापासून माझ्या हातांपर्यंत त्यांनी काही म्हणून सोडलं नाही. मासे हळूहळू सरळ झाले. सातांतले पाच जगले, शिंगटी त्यात होती.

"आता ती साल उपसून काढ. काथ्या आन आनि राळ आतनं लाव, भाईरनं न्हवं."

"व्हय, मामंजी."

"आनि आदी पेज वाढ. वरडून वरडून भूक लागलीया."

मी भरून वाडगा आणला. तो त्यांनी संपवला आणि रिकामा वाडगा पुन्हा माझ्यापुढं धरला.