कोर्ट उठेपर्यंत

अक्कलकोट रस्त्यावर, शहर संपता संपता, रावसाहेबांचं पत्र्याचं दुकान आहे. नंबरप्लेटा रंगवायच्या, रिक्षांच्या काचांवर नावं चिकटवायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागून रेडियम लावून द्यायचं, हा त्यांचा धंदा. रेडियम म्हणजे मागच्या गाडीचा उजेड पडला की अंधारात लखलखणारी लाल पट्टी. ‘आईचा आशीर्वाद’ हा मजकूर त्यांनी इतक्या गाड्यांवर चिकटवलाय, की सोलापुरातल्या समस्त आयांनी मिळून त्यांचा सत्कार करायला हरकत नाही.

अशा माणसाचा मुलगा उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून जावा, याला काय म्हणायचं? लोक नशीब म्हणतात. रावसाहेब म्हणत नाहीत. बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात नशिबापुढे डोकं टेकायची सोय नसते. ते सरळ माणसाचं नाव घेतात, ईरप्पा.

ईरप्पा मैंदर्गीकडचा ड्रायव्हर. त्याच्या ट्रॉलीला रेडियम होतं. पंचनाम्यात तसं लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. फक्त शहरात जनावरांसाठी विकायला म्हणून त्यानं ट्रॉलीच्या पाठीला वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या टांगल्या होत्या. सगळेच टांगतात. त्या पेंढ्यांनी पट्टी झाकली गेली. चाक पंक्चर झालं म्हणून ट्रॉली रस्त्यातच उभी, दिवस मावळलेला, आणि रावसाहेबांचा रत्नदीप कामावरून घरी येत होता.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मेलेल्याच्या बापाला ही पायरी कुणी विचारून चढायला लावत नाही. वर्षानुवर्षं तारखा पडल्या. शेवटी ईरप्पानं गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा, माणूस गरीब, खटला जुना झालेला. जज्जसाहेबांनी दंड केला आणि कैद दिली कोर्ट उठेपर्यंत.

रावसाहेबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. शेजारच्या वकिलांनी समजावलं, “म्हणजे आज कोर्टाचं काम संपेपर्यंत त्यानं इथंच बसायचं. मग सुटला.”

ईरप्पा मागच्या बाकावर बसला. रावसाहेबही बसले. त्यांना कुणी बस म्हणालं नव्हतं, पण उठवेना. एका पोराच्या जिवाची शिक्षा असते तरी केवढी, ती डोळ्यांनी बघायची होती. दुपारनंतर त्यांनी वळून पाहिलं, तर ईरप्पा भिंतीला डोकं टेकून चक्क झोपला होता. तोंड उघडं टाकून. शिक्षा भोगता भोगता झोपला! रावसाहेबांना खटल्याचा निकाल एक वेळ पचला असता, ती झोप पचली नाही. त्यांची स्वतःची झोप केव्हाच उडाली होती.

मग गेल्या दसऱ्याच्या आधी ईरप्पा दुकानात आला. बरोबर बायको होती, चंद्रिका. तो बाहेर उन्हातच थांबला. बोलली ती.

“अण्णा, ह्यांना कोण ट्रॅक्टर देईना झालंय. भीमाशंकर मालक म्हणत्यात, देतो. पर मयताच्या बापानं ट्रॅक्टरपुढं नारळ फोडला पायजे. त्याबिगर न्हाय.”

तिकडच्या ट्रॅक्टरमालकांत ही रीत आहे. हातून रक्त सांडलेल्या ड्रायव्हरला पुन्हा गाडीवर घ्यायचं तर हंगामाच्या पूजेला मयताच्या घरचं माणूस लागतं. त्याच्या हातचा नारळ फुटला की गाडीवरचा दोष गेला. मालकाची भीती गेली, हेच खरं.

“आमच्यात नारळ फोडत न्हाईत,” रावसाहेब म्हणाले. आणि त्यांना मनातून बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. नाही म्हणावं लागलं नाही आणि खोटंही बोलावं लागलं नाही.

चंद्रिका उठली नाही. “कोर्टानं एक दिस बसवलं, अण्णा. त्यापासनं हंगामामागून हंगाम बसूनच हाईत. हमालीला जात्यात, पाठ धरती. दुसरं काय येतच न्हाय त्यांना.”

“बसलेत कुटं? झोपलेवते की कोर्टात!” रावसाहेबांचा आवाज चढला. “म्या बघितलंय ह्या डोळ्यांनी!”

“व्हय,” ती म्हणाली. “आमच्या घरात त्यांना झोप कुटली? वरडत उठत्यात. त्या दिशी निकाल लागला, तवा डोळा लागला.”

रावसाहेबांनी कात्री उचलली आणि रागारागात समोरचं रेडियम कापायला घेतलं. ते दोघं गेल्यावर पाहिलं, तर पट्टी वाकडी कापली गेली होती.

कोर्टानं शिक्षा कमी दिली असं ते जो भेटेल त्याला सांगत आले होते. आता कळलं, की खरी शिक्षा आपल्याच हातात आहे. एक ‘नाही’ म्हटलं की ईरप्पाला जन्मठेप. कितीदा मागितलं होतं मनात, हेच. आणि ते समोर चालून आलं, तर हात पुढे होईना. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

“तुमी काय करायचं ते करा,” मीनाबाई, त्यांची बायको, म्हणाली. “माजं पोरगं येणार हाय का त्यानं? मी दमले आता.”

दमले तर तेही होते. राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं.

शेवटी त्यांनी भीमाशंकर मालकाला फोन केला. “नारळ माज्याच्यानं फुटायचा न्हाय. माफीबी केलेली न्हाय. पण त्याला गाडी द्या. माजी एक अट हाय. उसाची भरलेली ट्रॉली घिऊन कारखान्याला जाताना दर खेपेला त्यानं माज्या दुकानाम्होरं थांबायचं. मागची बाजू मी बघनार. मग जायचं.”

मालकाला नारळापेक्षा हे पटलं.

हंगाम सुरू झाला. ट्रॉली यायची, थांबायची. ईरप्पा उतरून मान खाली घालून उभा राहायचा. रावसाहेब मागे जायचे, लोंबणारा ऊस आत खोचायचे, पट्टीवरची धूळ खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचे, चार पावलं मागं जाऊन बघायचे आणि म्हणायचे, “जा.” दुसरा शब्द नाही.

आता ट्रॉली यायची तर दुकान उघडं हवं. रावसाहेबांना ताप आला तरी ते खुर्ची टाकून बसायचे. मेहुण्याच्या मुलीचं लग्न चुकलं. सहा डिसेंबरला दादरला जायचा इतक्या वर्षांचा नेमही पहिल्यांदाच मोडला.

“ही शिक्षा कुनाला केलीत म्हनायची?” मीनाबाईनं विचारलं.

“बघू,” म्हणून ते पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

जानेवारीत एक दिवस ट्रॉली आली नाही. सकाळीच उसाच्या फडातून ईरप्पाचा फोन आला होता, दुपारी निघतो म्हणून. ऊन उतरलं. दिवेलागण झाली. दुकानातला दिवा लावून रावसाहेब रस्त्यावर येऊन उभे राहिले. इतर ट्रॉल्या गेल्या, त्यांनी एकीला हात करून विचारलंही. कुणाला ठाऊक नव्हतं. दुकानामागच्या घरातून मीनाबाईनं जेवायला हाक मारली, ते गेले नाहीत. कुणाची एवढी काळजी लागलीय, असं त्यांना त्या वेळी कुणी विचारलं असतं तर त्यांनी अंगावर धावून जाऊन मारलं असतं.

मग अंधारातून ती ओळखीची घरघर आली. ईरप्पा उतरला. हात काळे, शर्ट घामानं चिकटलेला. एक्सल मोडला होता.

रावसाहेबांनी ट्रॉलीच्या मागे पाहिलंच नाही. ते सरळ त्याच्या अंगावर गेले आणि दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून ओरडले, “फोन कराया काय हात मोडलेवते का रं तुजे? घरी मानसं वाट बघत्यात, जीव टांगनीला लागतो त्यांचा, कळत न्हाय का तुला?”

ईरप्पा म्हणाला, “चुकलं, अण्णा.”

आत ताट वाढत असलेल्या मीनाबाईला प्रत्येक शब्द ऐकू आला. रत्नदीप त्या दिवशी उशिरा का होईना घरी आला असता, तर दारातच त्याला असंच बोलणं बसलं असतं. ती खाली बसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.