बिनशिंगाचा वळू

केशुबीचं अर्धं आयुष्य दुधाच्या लाकडी भांड्यांना गवताची धुरी देण्यात गेलं, अन् तिच्या नवऱ्याचं, रुतारोचं, शिंगं बघण्यात. अंकोले मुलखातल्या लांबशिंगी गाईला राग आला की आधी शिंग कलतं, मग गाय येते. तेवढ्यात शहाणा गुराखी बाजूला होतो. रुतारो असाच म्हातारा होत आला होता, हातपाय शाबूत ठेवून.

मग मालकानं, मुगारुरानं, परदेशी वळू आणला. धिप्पाड, काळापांढरा, अन् डोक्यावर शिंगाचा पत्ता नाही. गुरांना नावं पडतात ती रंगावरून नि शिंगांवरून. याला नावच पडेना.

"याला काय भ्यायचं? डोकं वाटीसारखं गुळगुळीत!" रुतारो म्हणाला.

"ज्याचा राग दिसत नाही त्याच्याशी सलगी नको हो."

"तुझा दिसतो तेवढा पुरे आहे मला."

त्या सकाळी तो गोचीड काढायला वळूच्या कुंपणात शिरला, नेहमीसारखं गुरांचं कौतुक गात. केशुबी बाहेर भांडी धुपवत होती. अचानक गाणं तुटलं.

ती धावली. वळूनं डोक्यानं रुतारोला खांबांवर दाबून धरलं होतं. मागे सरायचा, पुन्हा रेटायचा. रुतारोच्या तोंडून शब्द नाही, नुसती शीळ येत होती. बाकीची माणसं गुरं घेऊन टेकडीपलीकडे गेलेली.

केशुबीनं धुमसतं गवत कुंपणात फेकलं. आपली गुरं धुरापाशी येऊन निवतात. हा फुरफुरला अन् आणखीच रेटायला लागला.

'मेल्याला गाणं कळत नाही, धूर कळत नाही. मग कळतं तरी काय?'

बादली! हा बादलीतून खाऊनच मोठा झालेला. तिनं कुंपणाशी ठेवलेली मक्याच्या दाण्यांची पत्र्याची बादली उचलून तिच्यावर दुधाच्या भांड्याचं लाकडी झाकण बडवलं. वळूचे कान वळले. ती कुंपणाबाहेरून बडवत लांबच्या कोपऱ्याकडे निघाली. वळू दोन पावलं आला अन् पुन्हा रुतारोकडे वळला. तिनं मूठभर दाणे आत उधळले. तेव्हा आला.

"सरपटा! फाटकाकडे!" ती ओरडली.

खांब इतके जवळजवळ रोवलेले की मधून मांजरही निसटणार नाही. रुतारो कोपरांवर सरकू लागला. दाणे ती चिमटीनं टाकत होती, भाकरीवर मीठ पेरावं तसे. बादलीचा तळ दिसला. शेवटी तिनं बादलीच कुंपणावरून आत टाकली. वळूनं तिच्यात तोंड खुपसलं. फाटक करकरलं अन् रुतारो बाहेर कोसळला. ती धावत गेली, आधी खीळ घातली, मगच त्याच्याजवळ बसली.

आरडाओरडा ऐकून मुगारुरा आला. "काकी, गुरानं मारलं तर आपल्यात कोणी बोंबलतं का?"

"आपलं जनावर मारतं ते सांगून. हा सांगत नाही. कुंपणाला माणूस निसटेल अशी फट पाड. तोवर याला पाणी पाजायला तूच आत जा."

"बरगड्या सांधतील, काकी."

"तुझ्यासुद्धा सांधतील. जा की."

खाली पडलेला रुतारो तशीच शीळ काढत हसला अन् कळवळला. आत वळू रिकामी बादली खांबावर आपटत होता. ती चेमटून पोळीसारखी झाली होती.

मुगारुरानं फाटकाच्या खिळीला हात लावला, बादलीकडे बघून मागे घेतला, अन् फट पाडायला कुऱ्हाड मागितली.